विहिणीला जाब विचारायला चेंस्तोहोव्याला

पोलंडला जाऊन आल्यापासून जो तो विचारतो, काय काय पाहिलंत? पाहिलं पुष्कळ. पण खरं सांगायचं तर मी काही पाहायला गेलेच नव्हते. मी गेले होते विहिणीला जाब विचारायला.

त्याचं असं झालं. आमचा निखिल क्राकुफ शहरात नोकरीला आहे. तिथंच त्यानं मागदाशी लग्न केलं. मागदा पोलिश, पण मराठी शिकली ती नवऱ्याच्या तोंडून. त्यामुळे ती मराठी बोलते ते थेट वऱ्हाडी. पुण्याच्या माझ्या भाचीनं पहिल्यांदा तिला फोनवर ऐकलं तेव्हा म्हणाली, मावशी, ही तर मोर्शीच्या बाजारातली वाटते. मला त्याचा कोण अभिमान.

या दोघांना मुलगी झाली, मीरा. सातव्याच महिन्यात झाली. कितीतरी दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती आणि आम्ही दोघं इकडं अमरावतीत फोनकडं डोळे लावून बसलो होतो. वाचली पोर. आता दीड वर्षाची आहे, घरभर धावते, भांडी आपटते. सगळं छान चाललंय असं मी समजत होते, तर मार्चमध्ये एका दुपारी मागदाचा फोन आला आणि ती बोलता बोलता रडायलाच लागली.

म्हणाली, "आई, माझी आई मीराले मांडीवर घेतच नाही. एकदाबी नाही घेतलं. काहून?"

मला आधी खरंच वाटेना. स्वेटर विणून पाठवणारी, डबे भरभरून सूप पाठवणारी बाई नातीला हात लावत नाही? मागदानं विचारून पाहिलं होतं. आई म्हणते, माझी कंबर दुखते. पण तीच आई बटाट्याची टोपली उचलते. निखिल म्हणाला, सोड ना आई, त्यांचा स्वभाव तसा आहे. मी काही सोडणाऱ्यातली नाही. मागदा जे बोलली नाही ते माझ्या डोक्यात आधी आलं. मीरा आमच्यावर गेलीय, छान सावळी आहे. विहीणबाई गोऱ्यापान. लग्नालाही त्या सुरुवातीला नाराज होत्याच. मग काय, माझं डोकं तापलं.

आमचे हे वकील. म्हणाले, एका बाजूचं ऐकून निकाल द्यायचा नसतो. मी म्हटलं, निकाल कोण देतंय, मी उलटतपासणीला चालले आहे. थंडीची भीती वाटते म्हणून हे काही आले नाहीत. मे महिन्यात अमरावतीत अंगणातली फरशी तव्यासारखी तापते तेव्हा मी दोन स्वेटर बॅगेत कोंबत होते. निखिलनं बजावून सांगितलं होतं की विहीणबाई चेंस्तोहोवा नावाच्या गावात राहतात, ते कॅथलिक लोकांचं मोठं तीर्थक्षेत्र आहे, तिथं काळ्या मरीआईचा, म्हणजे येशूच्या आईचा, मठ आहे, तोही बघून होईल. आता देवीच्या गावाला जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं? माझे वडील अकोल्यात भिक्षुकी करायचे. मी खण घेतला, तांदूळ घेतले, हळकुंड, सुपारी घेतली, आणि एक नारळ, शेंडीसकट.

चेंस्तोहोवा, शनिवार

क्राकुफहून गाडीनं दोन-अडीच तास. वाटेत नुसतं हिरवं, आणि मधेच पिवळीधमक मोहरीची शेतं. आपल्याकडच्या काळ्या मातीची सवय असलेल्या डोळ्याला तिथली फिकट, वाळूसारखी जमीन जरा अशक्त वाटली. पण पीक बघितलं आणि मी गप्प बसले.

विहीणबाईंचं नाव तेरेसा. तिसऱ्या मजल्यावर लहानसं घर. दार उघडून त्या काठी टेकत उभ्या होत्या. मी उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले, तर त्यांनी घाईघाईनं मान हलवली, माझा दंड धरला, मला आत ओढलं, आणि मग दोन्ही गालांवर पापे घेतले. मागदानं सांगितलं की उंबऱ्यावरून हात मिळवायचा नाही, भांडण होतं, अशी इथली समजूत आहे. मला हसू आलं. आमची आई उंबऱ्यावर उभं राहून मीठसुद्धा कोणाला देऊ द्यायची नाही. भांडायला आलेल्या बाईला पहिल्या मिनिटाला अशी आपल्यासारखी रीत दिसली की पंचाईत होते.

चपला दारात काढायच्या आणि घरातल्या सपाता घालायच्या, हेही आपल्यासारखंच. जेवायला त्यांनी माझ्यासाठी वेगळं शाकाहारी रांधलं होतं. राईच्या आंबवलेल्या पिठाचं सूप, ज़ुरेक म्हणतात त्याला, चवीला थेट ज्वारीच्या आंबिलीची बहीण. मग बटाटा आणि पनीर भरलेल्या उकडलेल्या करंज्या. सगळं उत्तम, फक्त प्रत्येक पदार्थावर शेपू. सूपावर शेपू, बटाट्यावर शेपू, काकडीच्या कोशिंबिरीत शेपू. मला जन्मात शेपू आवडलेला नाही. पण वऱ्हाडात ताटात वाढलेलं टाकत नाहीत, म्हणून मी घास घोटत राहिले, आणि विहीणबाईंना वाटलं मला फार आवडलं, त्यांनी आणखी वाढला. मी माझ्याकडचा ठेचा काढला. त्यांनी चमचाभर तोंडात टाकला, डोळ्यांतून पाणी आलं, पण थुंकल्या नाहीत. बाई कणखर आहे हे मी मनात लिहून ठेवलं.

पण मी जे बघायला गेले होते तेही मला तिथंच दिसलं. मीरा दुडदुडत आजीकडं गेली आणि तिचा स्कर्ट धरून वर बघायला लागली. कोणतीही बाई अशा वेळी वाकते. तेरेसाबाई ताठ झाल्या. दोन्ही हात त्यांनी मागं नेले आणि मागदाला हाक मारली. मागदानं येऊन पोरीला उचललं, आणि तिचा चेहरा मी पाहिला. माझा घास तोंडातच राहिला. तिथंच विचारणार होते मी. पण जिचं अन्न खातोय तिला ताटावर बसून कसं विचारायचं? म्हटलं, उद्या. उद्या रविवार, उद्या मठात जायचं आहे, देवीसमोरच विचारू.

रविवार, यास्ना गुरा

गावातून एक सरळ रुंद रस्ता टेकडीकडं जातो, दोन्ही बाजूंना झाडं, आणि टोकाला मठाचा उंच मनोरा. टेकडीचं नाव यास्ना गुरा, म्हणजे उजळ टेकडी. मी समजत होते एखादं मोठं चर्च असेल. जवळ गेल्यावर बघते तर किल्ला. जाड तट, बुरूज, एकामागून एक दरवाजे. मागदानं सांगितलं की शेकडो वर्षांपूर्वी स्वीडनच्या फौजेनं वेढा घातला होता आणि मठातले साधू आत राहून लढले होते. मला अकोल्याजवळचं बाळापूर आठवलं. तिथंही किल्ल्याच्या पायथ्याशी देवी आहे. फक्त बाळापूरच्या तटावर शेळ्या चरतात आणि इथल्या तटावर लोक रांगेनं प्रार्थना करत फिरतात.

बाहेर दुकानं लागलेली. जपमाळा, मेणबत्त्या, देवीचे फोटो, चुंबकाच्या मूर्ती, लहान मुलांच्या शिट्ट्या. मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीच्या यात्रेत जसं असतं तसंच, खेळण्यांसकट. गर्दी होती, पण ढकलाढकली नाही. पांढऱ्या झग्यातले साधू मधूनमधून लगबगीनं जाताना दिसायचे, त्यातला एक तर सायकल हाताशी धरून चालला होता.

देवीचं दालन आलं तशी मी सवयीनं बूट काढले आणि भिंतीशी नीट लावून ठेवले. आता बघा, घरात शिरताना जे लोक पादत्राणं काढायला लावतात ते देवळात काढत नसतील हे माझ्या डोक्यात यावं तरी कसं? थंडगार फरशीवर मोजे घालून मी आत गेले. बायका माझ्या पायांकडं बघायला लागल्या. बाहेर आले तर बूट गायब. निखिल शोधायला गेला. तिथल्या पहारेकऱ्यानं बेवारस वस्तू म्हणून ते उचलून खोलीत नेऊन ठेवले होते, आणि निखिलला दहा मिनिटं समजावून सांगावं लागलं की हा बॉम्ब नाही, ही माझी आई आहे.

पण ते नंतर. आत दालन काळोखं, चांदीनं आणि दिव्यांनी चमकणारं. देवीच्या तसबिरीवर धातूचा पडदा असतो. तुतारी आणि नगारे वाजायला लागले, पडदा हळूहळू वर सरकला, आणि सगळी गर्दी एकदम गुडघ्यावर बसली. मीही बसले. लाकडावर रंगवलेली आई, कडेवर लेकरू. चेहरा काळा. सावळासुद्धा नाही, काळाच. गालावर तलवारीचे दोन वार. कोण्या लुटारूंनी कधीकाळी मारले, म्हणतात, आणि किती जणांनी ते बुजवायचा प्रयत्न केला तरी बुजले नाहीत. अंगावर रत्नांचा पोशाख. असे अनेक पोशाख आहेत आणि ते बदलतात, जशी आपण अंबादेवीला साडी बदलतो. मला एकदम भरून आलं. सात समुद्रांपलीकडं येऊन माझ्याच घरच्या कोणाला भेटल्यासारखं वाटलं, त्यात लाजायचं काय.

शेजारी तेरेसाबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांना खाली बसता येत नव्हतं. त्या देवीच्या काळ्या चेहऱ्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या, ती नजर पाहिली आणि माझा रंगाबद्दलचा संशय तिथंच गळून पडला. जी बाई या तोंडाकडं अशी बघते, तिला नातीचा सावळा रंग खुपेल? शक्यच नाही. मग भानगड काय आहे?

भिंतींवर नवसाच्या वस्तू टांगलेल्या. चांदीची हृदयं, चांदीचे हात, पाय, डोळे, माळा, आणि बरे झालेल्यांनी सोडून दिलेल्या कुबड्या. आपल्याकडं चांदीचा पाळणा वाहतात, डोळे वाहतात, तेच सगळं. वेदीच्या मागून एक अरुंद बोळ फिरून येतो. त्यातून लोक गुडघ्यांवर चालत प्रदक्षिणा घालत होते. तरुण पोरी, टाय लावलेले पुरुष, म्हाताऱ्या. लोकांच्या गुडघ्यांनी तिथला दगड झिजून खोलगट झालाय.

मी माझी ओटी काढली. कठड्यापाशी खण पसरला, तांदूळ, हळकुंड, सुपारी, वर नारळ, आणि नमस्कार करून निघाले. पाच पावलं गेले असेन, तर मागून एक जोगीण धावत आली, म्हणजे त्यांची नन. तिनं सगळं गाठोडं व्यवस्थित बांधून आणलं होतं आणि हसत हसत माझ्या हातात दिलं. तुम्ही विसरलात, म्हणाली. मी मागदाला म्हटलं, अगं सांग तिला, दिलेलं आहे. मागदानं सांगितलं. ननबाईंनी नारळाची शेंडी धरून तो उलटा सुलटा करून पाहिला, विचार केला, आणि नेऊन देवीच्या फुलांच्या शेजारी ठेवला. खूप मोठ्या मनाची बाई.

हे होईतो तेरेसाबाई आमच्या जवळ नव्हत्या. मी वळून पाहिलं. त्या बोळाच्या तोंडाशी उभ्या होत्या, जिथून गुडघ्यांची प्रदक्षिणा सुरू होते. एका हातानं काठी, दुसऱ्यानं भिंत. त्या खाली बसायचा प्रयत्न करत होत्या. थोड्या वाकायच्या, चेहरा पिळवटायचा, परत सरळ व्हायच्या. परत वाकायच्या. मागच्या माणसांनी वाट बघितली आणि मग हळूच त्यांना वळसा घालून ती आत गेली.

मला भाषा येत नाही, पण हा चेहरा मला येतो. अकोल्याला आमच्या ओसरीवर असे लोक यायचे. कोणी पायी जायचं बोललेला आणि पाय गेलेला, कोणी काही वाहायचं बोललेली आणि नवऱ्यानं जाऊ न दिलेली. वडिलांसमोर बसून बोलायचे नाहीत, नुसते जमिनीकडं बघायचे. विहीणबाईंचा नवस अडकला होता. मला इतकं लख्ख कळलं की मी मागदाचा हात धरला आणि आम्ही दोघी त्यांना बाहेर तटावर बाकावर घेऊन आलो. निखिल मीराला घेऊन माझ्या बुटांच्या मागं गेला होता.

मी सरळ विचारलं. आडून विचारायला मला येत नाही. मागदाला म्हटलं, आईला विचार, नवस काय बोलल्या होत्या?

नवस म्हणजे काय हे मागदाला समजावण्यात थोडा वेळ गेला. मग तिनं विचारलं. तेरेसाबाईंनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू या परक्या बाईला माझ्या पोटातलं कसं कळलं. मग बोलायला लागल्या तेव्हा थांबेनात. मागदा वाक्यावाक्याला मला सांगत होती. मीरा पेटीत होती तेव्हा त्या इथं आल्या होत्या. डॉक्टरांनी आशा सोडली होती. ते मागदालाही कोणी सांगितलं नव्हतं. इथंपर्यंत तिनं सांगितलं आणि पुढचं ऐकून ती थबकली. आईकडं बघत राहिली. मी म्हटलं, सांग. तिला ते स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं.

"ती म्हणते, मी बोलली, लेकरू वाचव. मी गुडघ्यावर येईन. अन् येईन तवरक तिले मांडीवर नाही घेणार."

मीरा नाताळच्या सुमाराला घरी आली. ज्या आठवड्यात फेडायला यायचं ठरवलं होतं त्याच आठवड्यात तेरेसाबाई बर्फावरून घसरल्या. खुब्यात धातूचा सांधा बसवला. डॉक्टरांनी सांगितलं, आता जन्मात गुडघे टेकायचे नाहीत. त्यांनी इथल्या एका साधूपाशी मन मोकळं केलं. त्यानं त्यांना नवसातून मोकळं केलं, त्याऐवजी रोज प्रार्थना करा म्हणाला. त्या रोज करतात. पण माफी साधूनं दिली, मरीआईनं कुठं दिली? मांडीवर घ्यायचं, आणि पोरीला काही झालं तर? मागदाला सांगितलं असतं तर, त्या म्हणाल्या, ती हसली असती आणि पोर मांडीत टाकून मोकळी झाली असती. ती मानत नाही यातलं काही.

मागदा हसली नाही. आईच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसढसा रडली. माझेही डोळे वाहायला लागले. आपल्याकडं नवस फिटेपर्यंत कोणी गोड सोडतं, कोणी भात सोडतं. या बाईनं नात सोडली होती. आणि मी अमरावतीहून उलटतपासणीला आले होते.

रडून झालं तशी मी डोळे पुसले. रडून नवस फिटत नाही. मी सांगितलं, उद्या मी गुडघ्यावर जाते, तुमच्या नावानं.

झालं, दोन्हीकडून विरोध. बूट घेऊन आलेला निखिल म्हणाला, आई, तुझे गुडघे काय आहेत माहितीये ना, जिना चढताना तू भिंत धरते. तेरेसाबाई म्हणाल्या, दुसऱ्याच्या गुडघ्यांनी माझा शब्द कसा पुरा होईल? त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. पण मी भिक्षुकाची मुलगी आहे. आमच्याकडं पूजेला जोडपं बसतं. संकल्प सोडतो नवरा, पाणी, अक्षता, सगळं तोच वाहतो. बायको काय करते? गुरुजी सांगतात, हाताला हात लावा. ती त्याच्या दंडाला नुसता हात लावून बसते, आणि पूजा दोघांची होते. अर्धी नाही, पुरी दोघांची. वडिलांनी जन्मभर हे हजार घरांत सांगितलं. मी मागदाला म्हटलं, सांग आईला, मी गुडघ्यावर जाईन, तुम्ही माझ्या खांद्याला हात लावून चाला. हात सोडायचा नाही. मग गुडघे माझे आणि प्रदक्षिणा तुमची.

मागदानं सांगितलं. मधे अडखळली, मला दोनदा विचारलं, हात कुठं लावायचा ते माझ्याच दंडावर लावून दाखवलं. तेरेसाबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, फादरना विचारते.

मागदा जाऊन एका वृद्ध साधूला घेऊन आली. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाला, तुमच्यावर काहीही राहिलेलं नाही हे मी आजही सांगतो. पण दोन आज्यांना मिळून आईचे आभार मानायचे असतील तर त्यांना अडवणारा मी कोण? जाता जाता त्यानं माझ्या गुडघ्यांकडं बघून हवेत क्रूसाची खूण केली. ते मला फारसं आवडलं नाही.

सोमवार

आदल्या संध्याकाळी आमच्या नणंदबाईंचा फोन आला होता. त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. म्हणाल्या, वहिनी, तू मुलाची आई, वरमाय. मुलीच्या आईसाठी गुडघे घासतेस? जग काय म्हणेल? आमच्याकडं लग्नात वरमाईचे पाय धुतात, तिला चांदीच्या ताटात जेवायला वाढतात, जरा कमी पडलं तर ती रुसून बसते. मी म्हटलं, ताई, माझा मान मी पोलंडला आणलाच नाही, वजन जास्त होत होतं. त्या फोन ठेवून मोकळ्या झाल्या.

निखिलनं दुकानातून गुडघ्यांना बांधायच्या स्पंजच्या पट्ट्या आणल्या होत्या. मी मागदाला तेरेसाबाईंना विचारायला लावलं, या बांधल्या तर चालतील का? त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि मान हलवली. चालणार नाहीत. मलाही तेच वाटत होतं.

साडी वर खोचली, पदर कमरेला बांधला, बोळाच्या तोंडाशी गुडघे टेकले. या वेळी बूट पायातच होते. उजव्या खांद्यावर तेरेसाबाईंचा हात आला. निघालो.

सुरुवातीला वाटलं, एवढंच? शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, पोरांना अंगठे धरून उभं करायचे, त्यांचं काय होत असेल ते थोडं थोडं कळत होतं. मग वेदीच्या मागं वळण आलं. तिथं उजेड कमी, दगड खोलगट, आणि खोलगट म्हणजे मऊ नाही हे तिथं समजतं. डाव्या गुडघ्यातून कळ आली ती डोक्यापर्यंत. मी थांबले. देवीच्या पाठीमागं बसून मी मनात जे वऱ्हाडीत बोलले ते इथं लिहिता येत नाही. माझ्यामागं एक तरुण मुलगी गुडघ्यांवर येत होती, तीही थांबली, वाट बघत राहिली. मला वाटलं, आता उठावं. कोण बघतंय? अर्धी तर झाली. आणि तेवढ्यात खांद्यावरचा हात जड व्हायला लागला. जड म्हणजे फारच जड. मान वळवून पाहिलं तर तेरेसाबाईंनी काठी भिंतीला टेकवून मागंच सोडली होती. दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवून, जेवढं वाकता येईल तेवढं वाकून, त्या एकेक पाऊल माझ्यामागं येत होत्या. तोंडानं काही पुटपुटत होत्या, आणि कपाळावर घाम.

मग मी कशाला उठते. मरो तो गुडघा. एक टेकला, दुसरा ओढला, परत टेकला. त्यांचं वजन माझ्यावर, माझं दगडावर. पुढं उजेड दिसायला लागला. पडदा वर होता, लोक गात होते, आणि आम्ही दोघी त्या बोळातून बाहेर पडलो तेव्हा मला स्वतःहून उठताच येईना. निखिल आणि कोणी एक अनोळखी मिशीवाला माणूस, दोघांनी धरून मला उभं केलं. साडीला गुडघ्याशी दोन भोकं पडली होती. तेरेसाबाईंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला कपाळ लावलं. आम्हाला एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि कळायची गरजही नव्हती.

बाहेर अंगणात ऊन पडलं होतं. त्या बाकावर बसल्या. पदर नव्हता, तरी मांडीवर स्कर्ट नीट पसरला, सुरकुत्या काढल्या. मग मागदाकडं बघून दोन्ही हात पुढं केले.

मागदानं मीराला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

आता इथं गोष्टीत लेकरू खुदकन हसतं. मीरा हसली नाही. दीड वर्षात जिनं कधी हात लावला नाही, ती बाई तिला परकीच होती. तिनं एकदा वर पाहिलं आणि असा भोंगा पसरला की तटावरची माणसं वळून बघायला लागली. लाथा मारल्या, आजीचा चष्मा पाडला, केस ओढले, आईकडं दोन्ही हात पसरले. माझे हात आपोआप पुढं गेले. मागदानं माझं मनगट धरून मला थांबवलं. तिच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, पण ती जागची हलली नाही. तेरेसाबाईंनी पोरीला छातीशी घट्ट धरलं, डोळे मिटले आणि डुलायला लागल्या, रडण्याच्या आवाजावर हसत, आपल्याच भाषेत काहीतरी म्हणत. मीरा रडत राहिली, आणि आम्ही कोणीही तिला परत घेतलं नाही.